ब्रिटनवर क्विझ काढताय? आधी स्वतःच्याच उत्तराशी भांडा

कागद, पेनं, माईक, सहा-सहा जणांचे गट, फोन पिशवीत ठेवण्याची ताकीद, हे सगळं तुम्हाला कळतं. त्यावर मी शब्द खर्च करणार नाही. इंग्लंडात आल्यापासून मंडळाच्या गणपतीत, दिवाळीत आणि कोपऱ्यावरच्या पबमध्ये मिळून इतक्या क्विझ काढल्या की मोजणं सोडून दिलंय. माहिती गोळा करणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग. या देशात गमतीजमती पावलापावलावर पडलेल्या असतात. खरा घाम निघतो तो त्या माहितीचा एकच उत्तर असलेला प्रश्न बनवताना.

माझ्या पहिल्याच क्विझमध्ये मी विचारलं होतं, "इथलं सर्वांत मोठं सरोवर कोणतं?" माझ्या कागदावर उत्तर होतं लॉख लोमंड. एका टेबलानंही तेच लिहिलं, दुसऱ्यानं लॉख नेस, तिसऱ्यानं लॉख नेय, चौथ्यानं विंडरमिअर. दहा मिनिटं कलकलाट झाला आणि शेवटी कळलं की चौघंही बरोबर आहेत. उत्तर आयर्लंडमधलं लॉख नेय हे अख्ख्या युनायटेड किंगडममध्ये क्षेत्रफळानं पहिलं. उत्तर आयर्लंड वगळून फक्त ग्रेट ब्रिटन धरलं तर लोमंड. पाण्याचं आकारमान मोजलं तर नेस, त्यात इंग्लंड-वेल्सच्या सगळ्या सरोवरांपेक्षा जास्त पाणी आहे. आणि नुसतं इंग्लंड म्हटलं तर विंडरमिअर. मी चौघांनाही गुण दिले, तेव्हा ज्यांनी काहीच लिहिलं नव्हतं ते पाचवं टेबल चिडलं.

पहिली पायरी: विषय ठरवा

भूगोल, इतिहास, चालीरीती, चित्रफेरी. चार फेऱ्या, प्रत्येकी दहा प्रश्न. पुरे.

दुसरी पायरी: माहिती जमवा

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "इंग्लंडच्या पन्नास अजब गोष्टी" घेऊ नका. का ते पुढे सांगतो. बाकी कुठूनही घ्या. फिरायला गेलात की पाट्या वाचा, चर्चमधली माहितीपत्रकं उचला. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे विमान जेमतेम पावणेतीन किलोमीटर जातं आणि वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं दिलेली असतात, असलं काहीतरी वर्षभर वहीत टिपत राहा.

तिसरी पायरी: उत्तराशी भांडा

इथे थांबा. निम्मा वेळ इथेच जाऊ द्या. प्रश्न लिहून झाला की हॉलमधला सगळ्यात खडूस माणूस मनात आणायचा आणि त्याच्या तोंडून आपल्याच उत्तरावर हरकत घ्यायची. आमच्या मंडळात हे काम एक काकू प्रत्यक्ष करतात, पण प्रत्येकाचं नशीब एवढं चांगलं नसतं.

पहिली हरकत जागेच्या नावावर. आपल्या आजी-आजोबांना सगळी मिळून एकच विलायत होती, आपणही सरसकट इंग्लंड म्हणतो. क्विझमध्ये हे चालत नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन. त्यात उत्तर आयर्लंड आलं की युनायटेड किंगडम. आइल ऑफ मॅन, जर्सी आणि गर्न्सी यांपैकी कशातच नाहीत. सर्वांत उंच शिखर विचाराल तर इंग्लंडात स्काफेल पाइक, वेल्समध्ये स्नोडन आणि सगळ्यांत मिळून बेन नेव्हिस. नदीचंही तसंच: सर्वांत लांब सेव्हर्न, पण तिचा उगम वेल्समध्ये. पूर्णपणे इंग्लंडात वाहणारी सर्वांत लांब नदी म्हणजे टेम्स. प्रश्नातला देशाचा शब्द बदलला की उत्तर बदलतं. आणि तो शब्द माईकवर नीट उच्चारा, घाईत "यूके"चं "इथलं" करू नका. माझं सरोवर त्या "इथल्या"तच बुडालं.

दुसरी हरकत मराठीची, आणि हिच्याबद्दल मला कुणी कधीच बजावलं नव्हतं. प्रश्न मराठीत विचारायचे तर इंग्रजी प्रश्नांचं जसंच्या तसं मराठी करून भागत नाही. "सर्वांत लहान शहर कोणतं?" आपल्याला शहर म्हणजे शहर. इथे मात्र सिटी हा राजानं किंवा राणीनं दिलेला दर्जा आहे, लोकसंख्येशी त्याचा संबंध नाही. रेडिंग एवढं मोठं, आपली माणसं तिथे खंडीभर, पण ती सिटी नाही. वेल्समधलं सेंट डेव्हिड्स जेमतेम अठराशे वस्तीचं, आणि ती सिटी आहे. कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, असलं की सिटी असंही नाही: गिल्डफर्डला कॅथेड्रल असूनही दर्जा नाही, केंब्रिजला तो १९५१ मध्ये मिळाला आणि तिथे अँग्लिकन कॅथेड्रल नाही. म्हणून मी आता असं विचारतो: "सिटीचा दर्जा असलेलं, लोकसंख्येनं यूकेमधलं सर्वांत लहान ठिकाण कोणतं?" प्रश्न लांबतो, लांबू दे. "लोकसंख्येनं" हा शब्द गाळू नका, नाहीतर कुणीतरी चौरस मैल घेऊन बसतं आणि गावाची हद्द कुठून कुठपर्यंत धरायची यावर सभा भरते.

याच दर्जावरून माझा सगळ्यात आवडता प्रश्न निघतो. "१९९८ मध्ये स्थानिक कारभाराच्या फेररचनेत कागदोपत्री चुकीमुळे कोणत्या ऐतिहासिक ठिकाणाचा सिटीचा दर्जा गेला?" उत्तर केंटमधलं रोचेस्टर. दर्जा गेल्याचं तिथल्या कारभाऱ्यांच्या लक्षात यायलाच काही वर्षं लागली. उत्तर कुणाला येत नाही, पण ऐकून हॉल हसतो. असा प्रश्न फेरीत एक असावा.

अक्षरांवरचे प्रश्न तर मराठीत सरळ मरतात. लंडनच्या क्विझवाल्यांचा एक लाडका प्रश्न आहे: "मॅकरल" या माशाच्या नावातलं एकही अक्षर नसलेलं अंडरग्राउंड स्टेशन कोणतं? उत्तर सेंट जॉन्स वूड. रोमन लिपीत मजा आहे, देवनागरीत प्रश्नच उरत नाही. (इंग्रजीतही "अंडरग्राउंड" हा शब्द सोडलात तर ओव्हरग्राउंड या लंडनच्याच दुसऱ्या रेल्वेवरचं हॉक्सटनही उत्तरात बसतं आणि तुम्हाला खाली ओढतं.) वेल्सचं ते लानवायर... पुढे पन्नासेक अक्षरांचं नाव घ्या. रोमन लिपीत ५८ अक्षरं मोजतात, पण वेल्श भाषेत काही जोडअक्षरं एकच अक्षर धरली जातात म्हणून ५१. अक्षरसंख्या विचारूच नका. त्याऐवजी विचारा: हे गाव कोणत्या बेटावर आहे? अँगलसी. आणि उत्तर देताना सांगा की रेल्वेनं येणारे पर्यटक थांबावेत म्हणून १८६० च्या दशकात गावानं मुद्दाम नाव लांबवलं.

तिसरी हरकत "पहिला", "एकमेव" आणि "सर्वांत" या शब्दांवर. हे तीन शब्द दिसले की पेन्सिलनं गोल करा. आपल्या मंडळात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "ब्रिटिश संसदेतला पहिला भारतीय खासदार कोण?" सगळे दादाभाई नौरोजी लिहितात. मग एखादा इतिहासाचा विद्यार्थी उठतो आणि म्हणतो की डेव्हिड डाइस सोंब्र हा सरधना संस्थानच्या बेगमेचा वारस १८४१ मध्येच सडबरीहून निवडून आला होता. मिश्र वंशाचा असला तरी जन्म भारतातला. लाचखोरीमुळे १८४२ मध्ये त्याची निवड रद्द झाली हे खरं, पण निवडून आला होता की नाही? बसा आता भांडत. "पहिला" काढून टाका आणि लिहा: "मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले कोणते गृहस्थ १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून खासदार झाले?" आता उत्तर एकच. शिवाय साल आठवणाऱ्याला एक वाट आणि एल्फिन्स्टन आठवणाऱ्याला दुसरी. प्रश्नात असे दोन दोर सोडायची सवय लावून घ्या, चुकलेल्यालाही "अरे हो!" म्हणता येतं.

चौथी हरकत शिळेपणावर. बिग बेन हे घंटेचं नाव, मनोऱ्याचं नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण मनोऱ्याचं नाव २०१२ मध्ये एलिझाबेथ टॉवर झालं, जुन्या पुस्तकातून प्रश्न काढलात तर पडाल. बेन नेव्हिसची उंची पूर्वी १३४४ मीटर छापत, २०१६ पासून १३४५. मिल्टन कीन्सला २०२२ मध्ये सिटीचा दर्जा मिळाला. आणि आपल्या वाघनखांचं तर विचारूच नका. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं ती २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला उसनी दिली, त्यामुळे "कुठे ठेवली आहेत?" हा प्रश्न मी बाद केला. "कुणाची?" हेही विचारू नका. ती महाराजांचीच, असं संग्रहालय स्वतः खात्रीनं म्हणत नाही आणि तो वाद क्विझच्या रात्री मिटणारा नाही. साताऱ्याच्या कोणत्या ब्रिटिश रेसिडेंटकडून ती इंग्लंडात आली, एवढंच विचारा. जेम्स ग्रँट डफ. विषय संपला.

पाचवी हरकत सगळ्यांत महत्त्वाची: हे मुळात खरं आहे का? आता त्या व्हॉट्सॲपच्या पन्नास गोष्टी. "संसदेत मरणं बेकायदा आहे." खोटं. "चेस्टरमध्ये मध्यरात्रीनंतर वेल्श माणसाला बाण मारला तर गुन्हा नाही." खोटं, खून तो खूनच. इंग्लंड आणि वेल्सच्या लॉ कमिशननं अशा कायद्यांची छाननी करून ठेवली आहे, ती वाचा. गंमत अशी की खरे कायदे जास्त विचित्र आहेत. १३१३ च्या कायद्यानुसार संसदेत चिलखत घालून जायला आजही बंदी आहे. १८७२ च्या कायद्यानं पबमध्ये दारू पिऊन झिंगणं गुन्हा आहे (हा प्रश्न पबमध्ये विचाराच). आणि १९८६ चा सॅमन ॲक्ट संशयास्पद परिस्थितीत सॅमन मासा हाताळल्याबद्दल शिक्षा सांगतो. तो आहे चोरीच्या मासेमारीला आळा घालायला, पण वाक्य ऐकून कुणाचा विश्वास बसत नाही.

"इंग्लंडातले सगळे हंस राजाचे" हेही अर्धवट. राजाचा हक्क खुल्या पाण्यातल्या, खूण नसलेल्या म्यूट जातीच्या हंसांवर, आणि टेम्सवर व्हिंटनर्स आणि डायर्स या लंडनच्या दोन जुन्या व्यापारी संघांचाही वाटा आहे. दर जुलैत होड्या घेऊन पिल्लं मोजायला जातात, त्या प्रथेचं नाव विचारा: स्वान अपिंग. रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीलाही लोक इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा समजतात. इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतलेली ही भिंत संपूर्ण इंग्लंडात आहे. खोट्या समजुती फेकू नका, "खरं की खोटं" अशी वेगळी फेरी करा. तिथे भांडण आपल्या बाजूनं होतं.

चौथी पायरी: काठिण्य

"प्रश्न जितका अवघड, तितका क्विझमास्टर हुशार" हा सल्ला देणाऱ्याला टेबलावर बसवा आणि शून्य मिळू द्या. दहातले तीन सगळ्यांना यावेत, पाच चर्चेनं सुटावेत, दोन अडावेत. मंडळात आपला विषय असलेला एक प्रश्न ठेवाच: १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजानं मुंबई बेट कंपनीला वर्षाला किती भाड्यानं दिलं? दहा पौंड. आंदणाची गोष्ट सगळ्यांना येते, भाडं क्वचित कुणाला.

पाचवी पायरी: चित्रफेरी

छायाचित्रं मोठी छापा. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले आणि जे महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये घेतलं, त्याचं चित्र घेतलंत तर बाहेरची पाटी झाका.

सहावी पायरी: तपासणी

शेजारच्या टेबलाचे कागद तपासायला द्या. हरकत आली तर निर्णय एकदाच द्या आणि चुकला असाल तर तिथेच कबूल करा. फोनवर शोधत बसलात तर रात्र गेली.

सातवी पायरी: टायब्रेकर

गुणांची बरोबरी झाली तर न बदलणारा आकडा विचारा, जवळच्याला जिंकवा. मी लंडनच्या मॉन्युमेंटच्या पायऱ्या विचारतो. १६६६ च्या आगीचं ते स्मारक, उंची २०२ फूट, आणि आग लागलेल्या पुडिंग लेनमधल्या बेकरीपासूनचं अंतरही तेवढंच. पायऱ्या ३११. पण टायब्रेकर दोन ठेवा. एकदा दोन्ही टेबलांनी ३०० लिहिलं, माझ्याकडे दुसरा प्रश्न नव्हता आणि बक्षिसाचा चॉकलेटचा डबा सुरीनं मधोमध कापावा लागला.