घरी बांधायच्या हलक्या विमानात पंखातील इंधनव्यवस्था कशी आखावी

इंधनव्यवस्था आखताना टाकीत किती लिटर मावतील येथून सुरुवात करण्याचा मोह होतो. सुरुवात मात्र इंजिनाकडून करावी. पूर्ण शक्तीवर इंजिनाला ताशी किती इंधन लागते, हा आकडा त्याच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावा. इंधन केवळ गुरुत्वाकर्षणाने उतरणार असेल तर त्याच्या दीडपट आणि पंपाने येणार असेल तर सव्वापट प्रवाह मिळावा, हा प्रमाणित विमानांचा दंडक येथेही पाळावा.

पंख वर असतील तर गुरुत्वाकर्षणावर भागते, आणि जेथे भागते तेथे उगाच पंप वाढवू नयेत. पंख खाली असतील तर इंजिनाच्या पंपाखेरीज एक विजेचा पंप हवाच. तो टाकीजवळ, सखल जागी बसवावा, कारण गरम इंधन लांबून ओढून घेतल्यास नळीतच त्याची वाफ धरते. अशा विमानाच्या सिलेक्टरला, म्हणजे कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे ते ठरवणाऱ्या झडपेला, डावी, उजवी आणि बंद एवढ्याच जागा ठेवाव्यात. दोन्ही टाक्या एकदम जोडल्या आणि त्यांतली एक रिकामी झाली, की दुसरी भरलेली असूनही पंप रिकामीतली हवा ओढू लागतो.

टाकीचे निर्गमद्वार पंखाच्या मुळाशी, मागच्या बाजूला आणि तळापासून किंचित वर घ्यावे व त्यावर भरड जाळी बसवावी. त्याखाली सर्वांत सखल जागी निचऱ्याची झडप ठेवावी, म्हणजे साचलेले पाणी उड्डाणापूर्वी काढता येते. विमान घसरत्या वळणात असताना इंधन पंखाच्या टोकाकडे पळू नये म्हणून आत आडपडदे घालावेत आणि मुळाजवळच्या पडद्याला आतल्या बाजूसच उघडणारी झडप लावावी. प्रसरणासाठी निदान २ टक्के जागा रिकामी राहिली पाहिजे.

टाकीत हवा आत येण्याच्या नळीकडे नेमके दुर्लक्ष होते. ती चोंदली की टाकी भरलेली असतानाही इंजिन उपाशी राहते. तिचे तोंड पंखाखाली, समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे ठेवावे, कीटकांसाठी जाळी लावावी आणि बर्फाने ते तोंड बंद झाल्यास उपयोगी पडेल असे एक आडोशाचे छिद्रही ठेवावे.

सिलेक्टर बसल्या जागी, मान न वळवता हाताला लागला पाहिजे. १९९७ साली गायक जॉन डेन्व्हर ज्या घरबांधणीच्या विमानाच्या अपघातात गेले, त्यात हा सिलेक्टर वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होता. तो फिरवण्याच्या प्रयत्नात विमानावरचे लक्ष उडाले, असा निष्कर्ष अमेरिकी तपास यंत्रणेने काढला.

गळतीची चाचणी कॉम्प्रेसर थेट जोडून करू नये, टाकीच्या शिवणी उकलतात. पाण्याच्या सुमारे ७० सेंटिमीटर स्तंभाइतका, म्हणजे साधारण १ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), दाब आणि साबणाचे पाणी पुरते.

शेवटी प्रवाह मोजावा. उघड्यावर, अर्थिंग करून आणि अग्निशामक हाताशी ठेवून, विमानाचे नाक चढाईच्या कोनाहून थोडे अधिक उचलावे, टाकीत मोजके इंधन घालावे आणि कार्ब्युरेटरजवळची नळी सोडवून ती मापाच्या भांड्यात धरावी. पूर्ण शक्तीवर ताशी २४ लिटर पिणाऱ्या इंजिनासाठी गुरुत्वाकर्षणाने मिनिटाला ६०० मिलिलिटर मिळायला हवे. कमी मिळाल्यास अरुंद जोड, पिचकलेली वळणे आणि मध्येच चढ घेणारी नळी तपासावी, कारण अशा चढावर हवेचा बुडबुडा अडकतो. प्रवाह अडखळेपर्यंत चाचणी चालू ठेवावी. उरलेले इंधन निरुपयोगी समजावे, नाक खाली करूनही तेच मोजावे आणि दोहोंपैकी जो आकडा मोठा येईल त्या पातळीवर त्या टाकीच्या मापकाचे शून्य लावावे.