तारीख तोंडावर आलीय आणि कामाला हात लागत नाही? असं सुरू करा

सोलापुरात जानेवारीतल्या चालढकलीचं वाक्य ठरलेलं असतं: ‘गड्डा होऊ दे, मग बघू.’ गड्डा म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा. भोगीला अक्षता, संक्रांतीला होम, मग शोभेचं दारूकाम, आणि होम मैदानावरचे पाळणे तर त्यानंतरही फिरतच असतात. जीएसटीचं 3बी, म्हणजे दर महिन्याचं रिटर्न, मात्र 20 तारखेलाच भरायचं. व्हॅटच्या काळापासून मी टॉवेल-चादरीच्या छोट्या कारखानदारांचे हिशेब लिहितो. माझ्याकडे बिलं येतात ती चादरीच्या चेनवाल्या पारदर्शक पिशवीत, महिनाभर कोंबलेली. पण चालढकलीत मालकांपेक्षा मी काही कमी नाही, त्यामुळे उपदेश नको. एवढं करा.

खरी तारीख 20 असेल तर कागदावर 19, संध्याकाळ 6 असं लिहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर त्या दिवशी मोठं काम धरूच नका. सोलापूरकराला कारण सांगायला नको.

आता खरी मेख. भिजत पडलेलं काम अख्खं कधीच नकोसं नसतं. त्यात एखादीच गोष्ट नकोशी असते आणि तिच्यापायी बाकीचं सगळं अडून राहतं. ती आधी शोधायची. कामाचे तुकडे एकाखाली एक लिहून काढा, अगदी बारीक. ‘रिटर्न भरणे’ असं लिहू नका. ‘खरेदीची बिलं तारखेने लावणे’, ‘बँकेचं स्टेटमेंट काढणे’, ‘अमक्याला फोन’ असं लिहा. मग एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत या. ज्या ओळीवरून बोट पटकन खाली सरकतं, तिथेच थांबा. आणखी एक खूण: त्या ओळीसाठी तुमच्याकडे सबब तयार असते. ‘आत्ता जेवत असतील.’ ‘आज शनिवार आहे.’ बहुतेक वेळा तिथे कुणाकडे तरी काही मागायचं असतं, नाहीतर आपली चूक कबूल करायची असते.

माझंच सांगतो. एका जानेवारीत एका मालकाचं खरेदीचं एक बिल माझ्या हातून दोनदा धरलं गेलं होतं. क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, जास्तीचं घेतलं गेलं, आता ते व्याजासकट रिव्हर्स करायचं, म्हणजे परत भरायचं, आणि हे त्यांना सांगायचं. चार दिवस मी बाकी सगळं केलं. 14 फायलींना नवी लेबलं लावली, कीबोर्ड ब्रशने साफ केला, जुनी चलनं वर्षवार लावली. मालक गड्ड्यात असतील, कशाला त्रास द्या, असं स्वतःला बजावत राहिलो. फोन केला तो 22 तारखेला. बोलणं दोन मिनिटांत संपलं. ‘ठीक आहे, भरा,’ एवढंच म्हणाले. विलंब शुल्क दिवसाला 50 रुपये, म्हणजे दोन दिवसांचे 100, शिवाय रोख भरायच्या करावर वार्षिक 18 टक्क्यांनी व्याज. दोन्ही मी खिशातून भरलं. रक्कम किरकोळ होती. ते चार दिवस किरकोळ नव्हते.

म्हणून ‘आधी सोपं काम घ्या, म्हणजे हात बसतो’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. सोप्या कामाने हात सोप्या कामावरच बसतो. आधी ती नकोशी ओळ उरका. व्हॉट्सॲपवर नको, फोनच करा. मेसेज पाठवला की उत्तराची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो, आणि तेवढीच नवी सबब मिळते. पहिलं वाक्य कागदावर लिहून घ्या: ‘मालक, माझ्याकडून एक बिल दोनदा धरलं गेलंय.’ आधी हवापाण्याच्या गप्पा मारू नका, धीर तिथेच सुटतो.

फोन करण्यासारखं कुणी नसलं तरी मेख असतेच. माझ्या भाचीने प्रोजेक्ट रिपोर्टची प्रस्तावना पाच वेळा लिहिली. यादी करायला लावली तेव्हा कळलं की एका तक्त्यातली निम्मी रीडिंगं घेतलीच नव्हती. मार्गदर्शकांना तसं सांगितल्यावर ते म्हणाले, घेतली आहेत तेवढीच लिही आणि बाकीची का नाहीत तेही लिही. रात्रीपर्यंत रिपोर्ट तयार.

ओटावाच्या कार्लटन विद्यापीठातल्या टिमोथी पिचिल यांनी चालढकलीचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांच्या मते हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्नच नाही, नकोशा भावनेपासून पळण्याचा आहे. मला तेच लेबलं चिकटवताना कळलं, फक्त महागात. रंगीत वेळापत्रकं करून देणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा.

मेख निघाली की उरतं ते नुसतं हमालीचं काम. इथे 25 मिनिटांचा गजर लावायची युक्ती चालते. बिलं चढवायला मीही लावतो. रात्री 11 नंतर मात्र आकड्यांना हात लावत नाही. एकदा 6 चे 9 केले होते, तेवढं पुरे.

तारीख हुकणारच असं दिसलं तर आदल्या दिवशी सांगा, नंतर नव्हे. भरून झालं की पोचपावतीचा नंबर वहीत उतरवा.

आणि ती यादी फाडू नका. माझ्या यादीत गेले सहा महिने नकोशी ओळ एकाच मालकांच्या नावाची निघतेय. त्यांना मी आता 5 तारखेलाच फोन करतो, सकाळी, चहाच्या आधी.