शी दाबून ठेवणारं मूल: आधी पोट मऊ, मग पॉटी

पॉटीवर शू करतं, पण शी आली की पडद्यामागे जाऊन पाय आवळून, लालबुंद होऊन उभं राहतं? ते जोर करत नसतं, शी रोखत असतं. एकदा दुखलं की मूल दाबून ठेवतं. आतली शी सुकून अजून कडक होते आणि पुढच्या वेळी जास्त दुखतं. चड्डीला पातळ डाग लागत असतील तर ते बहुधा जुलाब नसतात. अडकलेल्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपते.

म्हणून पॉटीचा हट्ट थोडे दिवस सोडा. डायपर मागितला तर खुशाल द्या. पाणी वाढवा आणि दुधाच्या बाटल्या मोजा, दिवसाला अर्धा लिटर पुरे. पपई द्या, मंडईत पुरंदरचे अंजीर आले असतील तर तेही.

जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते. शी मऊ होऊ लागली की तेव्हा पाच मिनिटं बसवा, झाली नाही तरी शाबासकी द्या. फ्लॅटमधल्या कमोडवर लहानग्यांचे पाय लोंबकळतात आणि जोर लागत नाही. लहान सीट लावा, पायाखाली जेवणाचा जुना पाट ठेवा. गुडघे कमरेपेक्षा वर यायला हवेत.

आजी साबणाची कांडी किंवा एरंडेल लावलेलं विड्याच्या पानाचं देठ शीच्या जागी घालायला सुचवतील. प्रेमाने नाही म्हणा, त्याने भीती वाढते. शी मऊ करणारं औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नका. रक्त, उलट्या किंवा फुगलेलं पोट दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.