पुण्यात जुनी सिटी किंवा सियाझ घ्यायची तर आधी गाडीच्या पोटाखाली बघा

चौघा-पाच जणांच्या घरासाठी विश्वासाची, परवडणारी सेडान हवी असेल, तर वापरलेली होंडा सिटी (१.५ लिटर आय-व्हीटेक पेट्रोल) किंवा मारुती सियाझ (२०१८ नंतरची १.५ लिटर पेट्रोल) या दोन गाड्यांपासून शोध सुरू करा. दोन्ही इंजिनांना टायमिंग चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. सियाझचं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं, पण तेच इंजिन अर्टिगा आणि ब्रेझामध्येही आलं असल्यामुळे इंजिनाच्या सुट्या भागांची चिंता नको. कोथरूडहून स्वारगेटपर्यंत रोजचं आठ-दहा किलोमीटर जाणं-येणं असेल तर डिझेल घेऊ नका. एवढ्याशा अंतरात इंजिन पुरतं तापत नाही, ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप) काजळी साचते आणि इंधनात वाचलेले पैसे गॅरेजमध्ये जातात.

वेळेवर ऑइल मिळालं तर ही पेट्रोल इंजिनं सहसा त्रास देत नाहीत. पुण्यात सेडान झिजते ती खालून. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या तळाची जमिनीपासून उंची) १६५ मिलिमीटर, सियाझचा १७०. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सिटीत २६०० आणि सियाझमध्ये २६५० मिलिमीटर, म्हणजे सोसायटीच्या दारातला उंच, अरुंद गतिरोधक नेमका गाडीच्या मधोमध लागतो.

बघायला जाताना

मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि धूर बरंच सांगून जातो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सिटीत वरून टिकटिक येत राहिली तर टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट जुळवणं, राहिलेलं असतं. या इंजिनात आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, ही फट (क्लिअरन्स) हाताने जुळवावी लागते. नंतर सीएनजी किट बसवलेल्या गाडीत हे आवर्जून तपासा, कारण व्हॉल्व्ह टेकतात त्या सीट लवकर झिजून आत जातात आणि क्लिअरन्स कमी होतो. तेव्हा आवाज येतच नाही, उलट ताकद कमी होते. म्हणून अशी गाडी शांत वाजते एवढ्यावर समाधान मानू नका.

मग गाडी रॅम्पवर चढवा. यासाठी मेकॅनिकला वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या. पुढचं प्लॅस्टिकचं अंडरकव्हर तारेने बांधलंय का, इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला (ऑइल संप) पोचा आहे का, सायलेन्सरचा पाइप मध्ये चेपलाय का, हे बघा. एक्सलचे रबरी बूट फाटून ग्रीस उडालं असेल तर चाकाला ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटमध्ये धूळ-पाणी शिरलेलं आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवल्यावर कटकट आली की तो जॉइंट गेलाच.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणं पुण्यात फार गरजेचं आहे. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तशा पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळलेल्या आतल्या भागावर चिखलाची रेघ दिसते. सीटच्या खालच्या रेलवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ, कार्पेटखालचा कुबट वास आणि फ्यूज बॉक्समधला पांढरट-हिरवट थर बघा. यातल्या दोन खुणा दिसल्या तर किंमत कितीही कमी असू दे, सोडून द्या. वायरिंगमध्ये शिरलेला ओलावा वर्षभराने त्रास देतो आणि दोष सापडता सापडत नाही.

क्लच तपासायचा तर मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक लावून ब्रेक दाबा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर क्लच प्लेट घसरतेय. क्लच बदलताना प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला. गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, तेव्हा क्रँकचं मागचं ऑइल सीलही बघून घ्या. नंतर तेवढ्यासाठी पुन्हा उतरवायचं म्हणजे मजुरी दुप्पट.

कागदपत्रांत एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर आरसी, विमा आणि बँकेचा बोजा पाहा, थकलेली ई-चलनं फेडून घ्या. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करा. एनसीबी (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाकडे राहतो, गाडीबरोबर येत नाही. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी बसलीय का तेही बघा. सिटी २०१७-१८ ची असेल तर चासी नंबर देऊन होंडाकडे विचारा. त्या काळातल्या काही गाड्या फ्युएल पंप बदलून देण्यासाठी परत बोलावल्या होत्या, आणि ते काम मोफत होतं.

खालचे आवाज

लहान खड्ड्यांवर खटखट आली तर आधी लिंक रॉड बघा. तो स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा तोच असतो. ब्रेक लावताना किंवा गाडी पुढे-मागे घेताना एकच ठोका बसला तर लोअर आर्मचे बुश. मोठ्या गतिरोधकावरून उतरताना धप्प झालं तर शॉकअप किंवा त्याचं वरचं माउंट. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर व्हील बेअरिंगची. ब्रेक मारतानाच स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क, आणि ऐंशीच्या पुढे नुसतंच थरथरलं तर व्हील बॅलन्सिंग. शॉकअप नेहमी जोडीने बदला. नाना पेठेत सुटे भाग कमी भावात मिळतात, पण बुश आणि माउंट कंपनीचेच घ्या, हलकं रबर दोन पावसाळ्यांत फाटतं.

उंची वाढवायला स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका, धक्का थेट माउंटवर जातो. सिटीच्या खालच्या मॉडेलला १७५/६५ आर१५ टायर असतील तर पुढच्या वेळी १८५/६५ आर१५ घाला. व्यास १३ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडी साडेसहा मिलिमीटर उचलली जाते आणि स्पीडोमीटरचा फरक दोन टक्क्यांच्या आसपास राहतो. जुने टायर घेताना कडेचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी खाच ३ मिलिमीटरवर आली की पावसाळ्याआधी बदला.

वर्षभर

इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. हिंजवडीच्या कोंडीत रोज तासभर इंजिन नुसतं चालू राहत असेल तर साडेसात हजारांवर बदला, कारण मीटर थांबलेला असतो, ऑइल झिजत असतं. सिटीत ०डब्ल्यू-२० ग्रेडचं ऑइल, साधारण साडेतीन लिटर लागतं. भरून झाल्यावर डिपस्टिक स्वतः बघा. फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअर) असलेल्या सिटीत चाळीस हजारांवर होंडाचं एचसीएफ-२ फ्लुइडच घाला, साधं ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल (एटीएफ) घातलं तर आतला पट्टा घसरतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते दोन वर्षांनी बदला. सिंहगड उतरताना दुसरा गिअर ठेवा, सीव्हीटीत एल.

मे संपण्याआधी बॉनेट उघडून वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा हाताने काढा. प्रभात रोडसारख्या झाडांखाली गाडी उभी राहत असेल तर दर पंधरा दिवसांनी. तिथला निचरा तुंबला की पाणी ब्लोअरवाटे पायाशी उतरतं. दाराच्या खालच्या कडेची भोकंही बारीक काडीने मोकळी करा.

खडकवासल्यातून विसर्ग वाढल्याची सूचना आली की नदीपात्रातल्या रस्त्यावर गाडी ठेवू नका. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं तर पुढे जाऊ नका, आणि पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साधा विमा हे नुकसान सहसा देत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. गाडी ढकलून किंवा टो करून वर काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि एअर फिल्टर उघडून बघा. तो ओला असेल तर स्पार्क प्लग काढल्याशिवाय कोणालाही चावी फिरवू देऊ नका.