इलेक्ट्रिक एसयूव्ही की इलेक्ट्रिक मिनीव्हॅन? कुटुंबासाठी निवडताना या चुका टाळा

सात आसनांची इलेक्ट्रिक गाडी घ्यायचे ठरले की घरातली चर्चा बहुधा एकाच वाक्यापाशी घुटमळते: एसयूव्ही दिसायला रुबाबदार, मिनीव्हॅन वापरायला सोयीची. पेट्रोल-डिझेलच्या काळात ही वाटणी बरीचशी खरी होती. बॅटरी गाडीच्या तळाशी पसरल्यापासून मात्र ती तशी राहिलेली नाही. काही बाबतींत मिनीव्हॅनने आपली जुनी सोय गमावली आहे, तर काही बाबतींत एसयूव्ही वाटते तेवढी मागे नाही. पुढे मांडलेल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. निवड गाडीच्या प्रकारावरून केली जाते, आणि तिसऱ्या रांगेत कोण बसणार, किती वेळा बसणार आणि त्या वेळी सामान कुठे जाणार हे प्रश्न गाडी दारात आल्यावर सुचतात.

मिनीव्हॅन म्हणजे मोठी डिकी, असे गृहीत धरणे

जुन्या मिनीव्हॅनची खरी करामत तिच्या तळात होती. तिसऱ्या रांगेमागे एक खोल खड्डा असे. आसने उभी असताना त्यात सामान मावे आणि दुमडल्यावर आसनेच त्यात गडप होऊन सपाट जागा मिळे. क्रायस्लरने २००५ च्या मॉडेलपासून दुसऱ्या रांगेचीही आसने अशीच तळात लपवण्याची सोय दिली. पुढे त्याच कंपनीच्या पॅसिफिका हायब्रिडमध्ये १६ किलोवॉट-तास क्षमतेची बॅटरी नेमकी त्या दुसऱ्या रांगेखालच्या जागेत बसवावी लागली आणि त्या आवृत्तीत दुसऱ्या रांगेची ती सोय गेली. एवढ्या लहान बॅटरीने ही स्थिती केली, तर तिच्या पाच-सहापट मोठी बॅटरी असलेल्या पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत तळाच्या खड्ड्यांना फारशी जागा उरत नाही, हे ओघानेच आले.

आकडे पाहिले तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. फोक्सवॅगन आयडी. बझच्या लांब, सात आसनी आवृत्तीत सर्व आसने उभी असताना मागे ३०६ लिटर जागा उरते. किया ईव्ही९ या एसयूव्हीत त्याच स्थितीत ३३३ लिटर. म्हणजे सातही जण बसलेले असताना मिनीव्हॅन पुढे नाहीच. चित्र पालटते ते तिसरी रांग रिकामी झाल्यावर. बझची मागची आसने काढून घरी ठेवता येतात आणि मग तिच्या चौकोनी, उंच पोकळीपुढे कोणत्याही उतरत्या छपराच्या एसयूव्हीचा टिकाव लागत नाही. (काढलेली आसने ठेवायला घरात जागा आहे का, हा प्रश्न विक्रेता सहसा विचारत नाही, आपण विचारावा.) त्यामुळे वर्षातले बहुतेक दिवस पाच जण आणि भरपूर सामान, सात जण क्वचितच, असा वापर असेल तर मिनीव्हॅन उत्तम ठरते. नेहमीच सात जण आणि त्यांचे सामान न्यायचे असेल, तर पाच मीटरच्या आतबाहेर असलेल्या दोन्ही प्रकारच्या गाड्या अपुऱ्या पडतील. तेव्हा मर्सिडीज ईक्यूव्हीसारख्या, ५.१४ किंवा ५.३७ मीटर लांबीच्या, मूळच्या व्हॅनवर बेतलेल्या गाडीचा विचार करावा लागतो.

लिटरच्या आकड्यांवर एका मर्यादेपलीकडे विसंबू नये. कोणी खिडकीच्या पातळीपर्यंत मोजतो, कोणी छतापर्यंत. घरातली सर्वांत मोठी बॅग आणि बाबागाडी सोबत नेऊन ती डिकीत प्रत्यक्ष ठेवून पाहणे, आणि त्यानंतर मागचे दार लागते का ते पाहणे, ही चाचणी कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा खरी आहे.

तिसऱ्या रांगेत मिनिटभर बसून समाधान मानणे

तळाशी बॅटरी असल्यामुळे पायांखालची पातळी वर येते. छत मात्र त्या प्रमाणात वर नेता येत नाही, विशेषतः एसयूव्हीत. कारण छत जितके उंच, तितका हवेचा अडथळा जास्त. मग डोक्याला जागा ठेवण्यासाठी आसन खाली घ्यावे लागते आणि बसणाऱ्याचे गुडघे छातीच्या दिशेने येतात. मांड्यांना आधार न मिळता सारा भार बैठकीवर पडतो. हा त्रास एका मिनिटात कळत नाही. तो तासाभराने जाणवतो, आणि तोही ज्यांना तक्रार करायला संकोच वाटतो अशा आजी-आजोबांना आधी. मिनीव्हॅनचे छत उंच असल्याने तिच्यात आसनही उंच ठेवता येते, म्हणून प्रौढ माणसाला तिसऱ्या रांगेत वारंवार बसायचे असेल तर माझा कल स्पष्टपणे मिनीव्हॅनकडे आहे. तरीही घरातल्या सर्वांत उंच व्यक्तीला मागे बसवून, दुसरी रांग नेहमीच्या जागी ठेवून, किमान अर्धा तास गाडी चालवून पाहावी.

याहून मोठी चूक वेगळीच आहे आणि ती लहान मुलांच्या घरांत हमखास होते. शोरूममध्ये दुसरी रांग पुढे सरकवून, वाकवून, तिसऱ्या रांगेत जाण्याची वाट किती सोपी आहे हे दाखवले जाते. पण दुसऱ्या रांगेत चाइल्ड सीट घट्ट बसवली की ते आसन अनेक गाड्यांत नीट वाकत किंवा सरकत नाही, आणि वाट बंद होते. दोन लहान मुलांच्या दोन चाइल्ड सीट दुसऱ्या रांगेत असतील, तर तिसऱ्या रांगेतल्या माणसाला डिकीतून चढण्याची वेळ येऊ शकते. यावर उपाय दोन: दुसऱ्या रांगेत मधे वाट ठेवणारी दोन स्वतंत्र आसने असलेली सहा आसनी आवृत्ती, किंवा चाइल्ड सीट लावूनही पुढे झुकणारे आसन. यांपैकी काय मिळते हे स्वतःची चाइल्ड सीट बसवूनच पाहावे. तिसऱ्या रांगेत आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवण्याचे, कडे आहेत का, तेही बोटांनी चाचपून पाहावे. आयसोफिक्सच्या कड्यांवर बसणाऱ्या चाइल्ड सीटचे आणि मुलाचे मिळून वजन सामान्यतः ३३ किलोपर्यंतच धरलेले असते. मूल वाढले की त्याला गाडीच्या पट्ट्याने बांधायचे असते, आणि म्हणून तिसऱ्या रांगेतल्या पट्ट्याचे कुलूप मुलाच्या हाताला लागते की नाही हेही महत्त्वाचे ठरते.

सरकत्या दरवाजाला शोभेची वस्तू समजणे

एसयूव्हीचा बाजूचा, बिजागरीचा मागचा दरवाजा पूर्ण उघडायला शेजारी जवळजवळ मीटरभर जागा लागते. मिनीव्हॅनच्या सरकत्या दरवाजाला वीतभर पुरते. अरुंद पार्किंगमध्ये झोपलेले मूल चाइल्ड सीटमधून उचलताना हा फरक रोज दोन वेळा भेटतो. चढण्याच्या पायरीचेही तसेच आहे. किया पीव्ही५ या इलेक्ट्रिक व्हॅनच्या प्रवासी आवृत्तीत बाजूच्या दाराची पायरी अवघी ३९९ मिलिमीटर उंच आहे; गुडघेदुखी असलेल्या माणसाला एवढ्या एका आकड्यावरून गाडी ठरवावीशी वाटली तर त्यात गैर काही नाही. मात्र काही मिनीव्हॅनमध्ये सरकत्या दाराची काच खाली जात नाही, तिचा लहानसा भागच सरकतो. गाडी लागणाऱ्या मुलांसाठी हे आधी तपासावे.

रेंजचा एकच आकडा तोलणे

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून थोडे विस्ताराने. बॅटरी जवळपास सारखी असेल तर रेंजही, म्हणजे एका चार्जमध्ये कापले जाणारे अंतरही, सारखीच असेल, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) चाचणीत ९१ किलोवॉट-तासांची बॅटरी असलेल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या आयडी. बझला २३४ मैल, म्हणजे सुमारे ३७७ किलोमीटर रेंज मिळाली, ९९.८ किलोवॉट-तासांच्या, मागच्याच चाकांवर चालणाऱ्या ईव्ही९ ला ३०४ मैल, म्हणजे सुमारे ४८९ किलोमीटर. बॅटरीतल्या प्रत्येक किलोवॉट-तासामागे हा हिशेब साधारण ४.१ विरुद्ध ४.९ किलोमीटर असा येतो.

इथे एक गंमत आहे. दोन्ही गाड्यांचा हवेच्या अडथळ्याचा गुणांक जवळजवळ समान सांगितला जातो: ईव्ही९ चा ०.२८, तर बझच्या प्रवासी आवृत्तीचा ०.२८५. केवळ हा आकडा पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या हवेला सारख्याच वाटतील. पण हा गुणांक फक्त आकार किती निसरडा आहे ते सांगतो. हवेला प्रत्यक्षात तोंड द्यावे लागते ते त्या गुणांकाला समोरच्या क्षेत्रफळाने गुणून. बझ ईव्ही९ पेक्षा पंधरा सेंटीमीटरहून अधिक उंच आहे आणि रुंदी साधारण तेवढीच, त्यामुळे तिचे समोरचे क्षेत्रफळ मोठे. फरकाला इतरही कारणे असतात, पण महामार्गावर हे कारण ठळकपणे दिसते, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १२० किलोमीटरवर गेल्यास तो सव्वादोनपट होतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की शहरातल्या शाळा-बाजाराच्या फेऱ्यांत मिनीव्हॅनची उंची फारशी महाग पडत नाही; महिन्यातून अनेकदा चारशे-पाचशे किलोमीटरचा वेगवान प्रवास असेल तर पडते. अशा घराने चाचणीतल्या रेंजऐवजी ताशी ११०-१२० किलोमीटरच्या स्थिर वेगातली रेंज शोधावी, तीतून थंडीसाठी आणखी वजावट करावी आणि दोन चार्जिंगच्या थांब्यांमधले अंतर त्या आकड्याशी ताडून पाहावे. आणि दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच चाचणीतले घ्यावेत; युरोपातली डब्ल्यूएलटीपी चाचणी ईपीएपेक्षा सढळ आकडे देते, त्यामुळे एका गाडीचा डब्ल्यूएलटीपी आणि दुसरीचा ईपीए आकडा शेजारी मांडणे निरर्थक आहे.

भारवहनाची बेरीज न करणे

मोठ्या इलेक्ट्रिक गाड्या स्वतःच अडीच टनांच्या आसपास असतात, त्यामुळे त्यांना किती भार वाहण्याची परवानगी आहे हा आकडा त्यांच्या आकारावरून वाटतो तेवढा मोठा नसतो. समजा, तो ५०० किलो आहे. सरासरी ६० किलोचे सात जण बसले की ४२० किलो तिथेच झाले. उरलेल्या ८० किलोंत सर्वांचे सामान, चाइल्ड सीट आणि टपावरची पेटी आली. पेटीचे स्वतःचे वजनही याच बेरजेत धरायचे असते. जवळजवळ दोन मीटर उंच मिनीव्हॅनवर पेटी बसवल्यावर ती बंदिस्त पार्किंगच्या प्रवेशद्वारातून आत जाईल का, हेही मोजून ठेवावे.

चार्जिंगचा वेग व्होल्टवरून ठरवणे

ईव्ही९ ची यंत्रणा ८०० व्होल्टची आहे आणि योग्य चार्जरवर ती १० वरून ८० टक्क्यांपर्यंत सुमारे २४ मिनिटांत भरते. लांब आवृत्तीतली बझ ४०० व्होल्टच्या यंत्रणेवर तेच काम साधारण २६ मिनिटांत करते. म्हणजे वेळेत फरक नगण्य, पण त्या वेळात मिळालेल्या किलोमीटरमध्ये तो आहे. शिवाय ८०० व्होल्टच्या गाडीला ४०० व्होल्टच्याच मर्यादेचा जुना चार्जर मिळाला, तर तिचा वेग बराच घसरू शकतो. तेव्हा नेहमीच्या मार्गावर कोणते चार्जर आहेत ते आधी पाहावे.

गाडी घेऊन झाली आहे आणि अडचणी येत आहेत, तर

भरल्या गाडीत रेंज अनपेक्षितपणे कमी भरत असेल, तर सर्वांत आधी टायरमधली हवा पाहावी. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी अनेकदा वेगळा, जास्त दाब दिलेला असतो, आणि तो बहुतेक जण कधीच भरत नाहीत. त्यामुळे रेंज तर घटतेच, शिवाय जड गाडीचे टायर कडेने लवकर झिजतात. त्यानंतर रिकामे असूनही टपावर तसेच राहिलेले कॅरिअर उतरवावे. केबिन थंड किंवा गरम करण्याचे काम निघण्यापूर्वी, गाडी चार्जरला जोडलेली असतानाच उरकावे. मिनीव्हॅनच्या मोठ्या पोकळीत याचा फायदा अधिक जाणवतो.

तिसऱ्या रांगेत उकडते किंवा गारठा लागतो अशी तक्रार असेल, तर मागच्या एसीचे नियंत्रण वेगळे आहे का ते पाहावे. पुढची स्क्रीन फक्त पुढचे तापमान दाखवत असते. मागे बसणाऱ्याचे पाय आखडत असतील तर दुसरी रांग थोडी पुढे घेऊन जागा वाटून घेता येते, आणि ती सरकत नसेल तर उंच माणूस आणि मूल यांची अदलाबदल हाच उपाय उरतो.

स्वयंचलित सरकता दरवाजा मधेच थांबून परत उघडत असेल, तर दर वेळी मोटर बिघडलेली नसते. खालच्या रुळात खडा, बिस्किटाचा चुरा किंवा चिखल अडकला की दाराला अडथळा जाणवतो आणि मुलाची बोटे चिरडू नयेत म्हणून ते आपोआप मागे फिरते. रूळ ब्रशने झाडून, ओल्या फडक्याने पुसून, दार एकदा हाताने पूर्ण लावून पाहावे. तरीही ते परतत असेल तर कडेच्या रबरी पट्टीतला स्पर्श ओळखणारा भाग दबलेला किंवा फाटलेला असण्याची शक्यता असते. तो सेवा केंद्रातच बदलून घ्यावा आणि तोपर्यंत दार बटणाने न चालवता हाताने लावावे.