कुत्र्यामांजरांचे दात घरी कसे घासावेत
कुत्र्याच्या किंवा मांजराच्या तोंडाला वास येणारच, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो वास बहुधा हिरड्यांच्या आजाराची पहिली खूण असतो. दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर लाळेतील क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो, आणि एकदा त्याचे तपकिरी किटण बनले की ते ब्रशने निघत नाही. म्हणून दात शक्यतो रोज घासावेत.

सुरुवात मात्र ब्रशने करू नये. पहिले काही दिवस नुसते गालांवरून बोट फिरवावे, मग ओठ क्षणभर वर उचलून सोडावा आणि लगेच आवडता खाऊ द्यावा. प्राणी निवांत राहू लागला की बोटाला ओले सुती फडके गुंडाळून दात पुसावेत आणि त्यानंतरच लहान, मऊ ब्रश घ्यावा. पेस्ट प्राण्यांसाठी बनवलेलीच वापरावी, कारण ती ते गिळतात. माणसांच्या काही पेस्टमध्ये साखरेऐवजी गोडीसाठी घातलेले झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातील साखर एकदम खाली आणते.

जबडा उघडण्याची गरज नसते. ओठ उचलून दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर ब्रश तिरका धरावा आणि हलक्या हाताने गोल फिरवावा. कुत्र्याच्या वरच्या जबड्यातील मागच्या मोठ्या दाताकडे विशेष लक्ष द्यावे. लाळेची नळी त्याच्या जवळच उघडत असल्यामुळे किटण तेथे लवकर धरते. हाच दात टणक हाडे चावताना तडकतो, तेव्हा अंगठ्याचे नख ज्यात रुतत नाही अशी वस्तू चघळायला देऊ नये.

मांजर दुखणे लपवते. आमची मांजर जेवत होती, पण कोरड्या खाद्याचे दाणे तिच्या तोंडातून ताटलीत पुन्हा पडत आणि मान एका बाजूला कलत असे. पशुवैद्यांनी ओठ उचलला, तेव्हा खालच्या दाताच्या मुळाशी हिरडीचा लालसर ठिपका दिसला. तो दात विरघळत चालला होता. असा दात घासून बरा होत नाही, बहुधा काढावाच लागतो.

किटण काढण्याचे काम पशुवैद्यांकडेच, पूर्ण भूल देऊन करून घ्यावे. भुलेच्या नावाने पोटात गोळा येतो, हे मी जाणते. परंतु भूल न देता खरवडलेले दात वरून पांढरे दिसतात आणि हिरडीखालचा आजार तसाच राहतो. आधी रक्ततपासणी होते का आणि मुळे पाहण्यासाठी एक्स-रे काढला जातो का, हे निःसंकोच विचारावे.

दात काढल्यानंतर सुमारे दोन आठवडे मऊ अन्न द्यावे आणि ब्रश बंद ठेवावा. हिरडी भरून आल्याचे पशुवैद्यांनी सांगितले की पुन्हा ओठ उचलण्यापासून आरंभ करावा.