पहिल्यांदा समुद्राला जाताय? आधी पायी अंतर विचारा

कोल्हापुरातून कोकणात पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण थेट तारकर्ली गाठतात. घरात वयस्कर माणसं असतील आणि शांतता हवी असेल, तर माझं मत मालवणच्या चिवला बीचला. राधानगरी-फोंडा घाटातून उतरलं की कणकवली, पुढे मालवण. मालवणात गाडी एकदा लावली की विसरायची. चिवल्यावरून बाजारपेठ, जेटी, खानावळी सगळं चालत होतं. तारकर्ली सहा-सात किलोमीटर लांब, तिथली वॉटर स्पोर्ट्सची गर्दी इकडे जाणवत नाही.

खोली ठरवताना मात्र 'समुद्राजवळ' या शब्दावर विसंबू नका. आम्ही एकदा फसलो होतो, समुद्र निघाला रिक्षाच्या अंतरावर, आणि आईला रोज संध्याकाळी खोलीतच बसावं लागलं. फोनवर सरळ विचारा: म्हाताऱ्या माणसाला वाळूपर्यंत चालत किती मिनिटं लागतील? मधे चढ किंवा मोठा रस्ता आहे का? रात्री दिवे असतात का? जेवण घरातच मिळतं का?

दिवस निवडताना डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, हेही ध्यानात असू द्या.

आणि सकाळी लवकर किनाऱ्यावर जा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर वीस-पंचवीस माणसं दोन्ही बाजूंनी दोर ओढत असतात, जाळं वाळूवर येतं तेव्हा आत चांदीसारखी मासळी उसळत असते. मुलांना हे नक्की दाखवा.